रविवारचं शीड

इनोक पेंडरला हवेत उडायला आरमारानं शिकवलं हे खरं, पण त्याच्या अंगात जी काही विद्या होती ती थोरल्या भावानं, झॅकीनं, दोराच्या टोकानं त्याच्या पाठीवर गिरवलेली होती.

बाप एका थंडीत जाळं ओढताना पाण्यात गेला तो वर आलाच नाही. तेव्हा झॅकी एकोणीसचा आणि इनोक आठचा. मागे राहिली आई केझिया, 'रूथ' नावाचा दोन डोलकाठ्यांचा मचवा, आणि पोर्थकॅरोच्या धक्क्याला रात्रंदिवस डोकं आपटणारा कॉर्नवॉलचा समुद्र. झॅकीनं दुसऱ्याच आठवड्यात धाकट्याला मचव्यात घातलं.

त्या किनाऱ्याच्या मचव्यांचं शीड मोठं हट्टी. आडव्या काठीला बांधलेलं ते भलंथोरलं तपकिरी कापड डोलकाठीच्या एकाच अंगाला राहतं. मचवा वळवायचा म्हटलं की दर वेळेला ते अर्धं खाली उतरवायचं, काठी डोलकाठीमागून पलीकडे खेचायची आणि पुन्हा वर चढवायची. लाटा तोंडावर येत असताना हे करायचं म्हणजे तळहाताची सालटी निघतात. इनोक कंटाळा करायचा. त्याला वाटायचं, एकदा नाही उतरवलं तर काय आभाळ कोसळतंय? मग वारा उलट्या बाजूनं शिडात शिरायचा, कापड फाडकन डोलकाठीला चिकटायचं आणि चालता मचवा जागच्या जागी खुंटायचा. लगेच पाठीवर दोर.

"शीड न उतरवता वळलास तर मचवा उभा ऱ्हाईल आन् तू आडवा व्हशील," झॅकी म्हणायचा. "ध्यानात ठेव, लेका. पाटलोन न्हाई घातली तरी चालंल, शीड उतरवायचं."

सतरा वर्षांचा झाल्यावर इनोक मोठ्या जहाजांवर गेला, परीक्षा देऊन अधिकारी झाला. लढाई लागली तेव्हा आरमाराला फुगे चालवायला समुद्र आणि वारा कळणारी माणसं हवी होती. त्यांनी इनोकला उचललं, दोन महिने शिकवलं, आणि नशीब असं की गावापासून आठ मैलांवरच्या टेकडीवरच्या तळावरच नेमला.

फुगा म्हणजे दीडशे फूट लांब चंदेरी भोपळा. पोटात असला वायू की एका ठिणगीत सगळं स्वर्गात. खाली तारांनी टांगलेला होडीच्या आकाराचा पाळणा. त्यात पुढे बिनतारी तारायंत्रवाला, तोच बंदूकवाला, मध्ये चालवणारा आणि मागे इंजिनवाला. दिवस दिवस समुद्रावर फिरायचं, आगबोटींना राखायचं आणि जर्मन पाणबुड्या हुडकायच्या. तळावरचे खलाशी फुग्याला डुक्कर म्हणत. पोर्थकॅरोचे कोळी मचव्यात बसून डुकराचं नाव घेत नाहीत, त्यानं जाळं फाटतं. म्हणून ते नुसतं 'टेकडीवरचं ते' म्हणत. झॅकी तेवढंही म्हणायचा नाही. फुगा डोक्यावरून गेला की तो 'रूथ'च्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पाठ फिरवून उभा राहायचा, वाकायचा आणि आपलं बूड आभाळाला दाखवायचा. इनोक वरून मूठ दाखवायचा. तेवढाच त्या भावाभावांचा रामराम.

एकोणीसशे सतराच्या नाताळात वादळानं 'रूथ'चं पुढचं शीड फाटलं. कापड कुठं मिळेना. इनोकनं तळावरून फुग्याच्या जुन्या आवरणाचा तुकडा कोटाखाली घालून आणला. सुताचं कापड, त्यावर रबर, वरून चंदेरी रंग. आईनं तो चपट्या माशाच्या आकाराचा कापला आणि शिडावर दुहेरी टाक्यानं शिवला.

"शिडावर आरसा बसवतीस व्हय?" झॅकी म्हणाला. "मासं तोंड बगायला येतील."

"वरनं मला दिसशील की," इनोक म्हणाला. "बाकीचं मचवं वरनं सारखंच दिसत्यात."

आईनं सुई दातात धरली होती, ती काढली. "म्हंजी ह्या ठिगळावर तुजा बॉम्ब पडायचा न्हाई?"

"न्हाई पडायचा, आये."

"बोल तसं."

"ह्या ठिगळावर माजा बॉम्ब पडनार न्हाई."

केझियानं दोरा तोडला. तिच्या लेखी ते लिहून घेतल्यासारखं झालं.

अठराच्या एप्रिलात दहा दिवस पश्चिमेचा वारा सुटला आणि एकही मचवा धक्क्यावरून हलला नाही. शुक्रवारी संध्याकाळी इनोक सायकलवरून घरी आला तर आई आणि झॅकी चुलीच्या दोन बाजूंना दोन कोंबड्यांसारखे फुगून बसलेले. भांडण रविवारचं होतं. रविवार देवाचा, म्हणून पोर्थकॅरोत शनिवारी दिवस मावळला की मचवे बांधले जातात ते सोमवारपर्यंत सुटत नाहीत. रविवारी पाण्यात दोर भिजवणाऱ्याच्या घरी त्या गावात कुणी मुलगी देत नाही, आणि दिली तर बाप लग्नाला येत नाही.

"वारा उद्या रातच्याला पडनार," झॅकी म्हणाला. "मी ऐतवार लागला की भाईर काडनार. पूर्वेकडचं कोळी ऐतवारी मासं मारत्यात. त्यांच्यावर कुटं वीज पडली?"

"त्यांच्यावर न पडू दे," केझिया म्हणाली. "माज्या घरावर पडंल."

"घरात दोन दिसांचं बटाटं ऱ्हायल्यात, आये."

"मग पाला खाऊ."

इनोक मध्ये पडला. "दादा, दिवस कुटला का असंना, लांब जाऊ नगंस. भाईर पानबुडी हाय. पलीकडच्या गावचा मचवा हाकनारा तांडेल उचलून न्हेला त्यांनी, पान्यात पेरलेल्या सुरुंगांमधली वाट दावायला. म्हैना झाला, पत्ता न्हाई. पानबुडी बुडाली आसंल तर त्यो बी आतच बुडाला आसंल."

"मला न्हेलं तर दोन दिसांत आनून सोडतील," झॅकी म्हणाला. "माजी बडबड कोन ऐकून घेनार?"

आई हसली नाही. इनोकही हसला नाही.

रविवारी वारा खरंच पडला. पूर्वेची मंद झुळूक, समुद्र घासलेल्या परातीसारखा. पहाटे पाचला हुकूम आला. पश्चिमेकडून गव्हानं भरलेली एक आगबोट एकटीच येत होती, तिला राखायला जायची गस्तीची बोट वादळामुळं मागे राहिली होती. फुग्यानं पुढं जाऊन तिला गाठायचं. चाळीस माणसांनी दोर धरून फुगा मैदानात आणला, पाळण्यात तिघं बसले, दोर सुटले.

मागे इंजिनाशी होता क्लेग, लँकेशरच्या सूतगिरणीतला माणूस. फुटकी तेलाची नळी तो च्युइंगगम चघळून बुजवायचा आणि म्हणायचा की ही लढाई आपण जबड्यानं जिंकणार. पुढे होता फिंच, लंडनच्या तार ऑफिसातला. त्याला पोहता येत नव्हतं आणि हे तो रोज एकदा सांगायचा.

दुपारी बारा वाजता जमीन मागे तीस मैल. पश्चिमेला क्षितिजावर धुराची रेघ दिसली. आगबोट वेळेवर होती.

"साहेब!" फिंचनं मागे वळून हात केला. "डावीकडे मचवा! दोन-अडीच मैल!"

इनोकनं पाहिलं. धुराच्या आणि त्यांच्या मध्ये, थोडी दक्षिणेला, दोन तपकिरी शिडं. समुद्रावर ऊन पडून नुसती चकाकी झाली होती, त्यात मचव्याचं बूड दिसत नव्हतं. शिडं तेवढी दिसत होती.

क्लेग मागून ओरडला, "आज ऐतवार न्हाई का, साहेब? तुमच्या गावात तर ऐतवारी मांजर बी उंदीर धरत न्हाई म्हनं."

इनोकनं दुर्बीण डोळ्याला लावली. पुढच्या शिडावर काहीतरी लखलखलं. चपट्या माशाच्या आकाराचं.

इनोकला राग आला. शेवटी काढलाच ह्यानं मचवा. आणि तीस मैल! म्हातारीनं आज देवळात कुणाला तोंड दाखवलं असेल?

"वळखीचा हाय," तो म्हणाला. "माजा भाऊ."

"मग हात तरी करा," फिंच म्हणाला. "बघा, तो करतोय."

नाळेवर पिवळ्या तेलकापडाच्या डगल्यातला एक माणूस उभा होता आणि हात हलवत होता. चांगला वर करून, एखाद्या पाहुण्याला निरोप द्यावा तसा.

इनोकचा हात निम्मा वर गेला आणि तिथंच राहिला. झॅकी हात हलवत होता? बारा महिन्यांत त्यानं बुडाशिवाय काही दाखवलं नव्हतं. म्हातारा होझिया असेल, इनोकनं स्वतःची समजूत घातली. 'रूथ'वर झॅकीबरोबर दोन म्हातारेच उरले होते, तरणी माणसं सगळी लढाईवर. होझिया देवभोळा, तो हात करील. पण होझिया रविवारी येईलच कसा?

आणि पाखरं कुठं होती? मासळीच्या मचव्यामागं पाखरांचा गोंधळ असतो, एखाद्या लग्नघराबाहेर कुत्र्यांचा असावा तसा. ह्या मचव्यावर एक पाखरू नव्हतं. जाळं अजून टाकलं नसेल, असंही म्हणता येत होतं. सगळ्याला काहीतरी म्हणता येत होतं.

धुराच्या रेघेखाली आता आगबोटीचं नळकांडं दिसायला लागलं. पाच मैल. तेवढ्यात आगबोटीनं थोडी दिशा बदलली, उत्तरेला सरकली. तिच्याबरोबर मचवाही वळायला लागला.

इनोक दुर्बिणीतून बघत राहिला. त्याचे ओठ आपोआप हलत होते. उतरव. आता उतरव. काठी मागून घे.

शीड कुणी उतरवलं नाही. मचव्याचं तोंड वाऱ्याच्या आरपार फिरलं, पुढचं शीड फाडकन उलटं होऊन डोलकाठीला चिकटलं, चंदेरी ठिगळ काठीवर मुडपलं. आता मचवा खुंटायला पाहिजे होता. सगळ्या जगातले मचवे अशा वेळी खुंटतात.

तो खुंटला नाही. उलट्या शिडानं, वाऱ्याच्या नाकावर, तो आगबोटीच्या वाटेकडे सरळ चालत राहिला. मागे पांढरी फेसाची रेघ. 'रूथ'ला इंजिन नव्हतं. झॅकीला इंजिनाच्या वासानं उलटी यायची.

इनोकच्या पाठीवर, जिथं दोर बसायचा तिथं, घाम आला.

"फिंच, आगबोटीला तार कर. वळ म्हनावं, उत्तरेला वळ. समोर पानबुडी हाय."

"पाणबुडी? पण तुमचा भाऊ—"

"शीड माज्या भावाचं हाय. खालचं बूड न्हाई."

फिंचची बोटं चालू झाली. त्यानं दोनदा तार केली, तीनदा केली, कानावरची टोपणं दाबून ऐकलं. मग मान हलवली. आगबोट उत्तर देत नव्हती. तिच्यावरचा तारवाला जेवायला गेला होता की यंत्र वादळात मोडलं होतं, देव जाणे. ती आपली सुस्त म्हशीसारखी त्याच वाटेनं येत होती.

क्लेगनं इंजिनाचा आवाज ऐकायला लावलेला कान काढला आणि पुढे वाकला. "साहेब, शीड त्यांच्याकडं हाय, मग मचवा कुटं हाय?"

"तळाला."

"आन् मानसं?"

इनोकनं दुर्बीण आजूबाजूच्या पाण्यावरून फिरवली. उत्तरं तीन होती. माणसं मचव्यावरच्या होडक्यात बसून वल्हवत असतील. माणसं मचव्याबरोबर गेली असतील. नाहीतर दोघं म्हातारे होडक्यात आणि तांडेल पाणबुडीच्या पोटात. जर्मनांना वाट दाखवणारा तांडेल हवा असतो, आणि 'रूथ'च्या तांडेलाचं, झॅकीचं, तोंड बंद राहत नाही हे सगळा किनारा जाणतो. कोण तांडेल म्हणून विचारलं तर झॅकी आपण होऊन पुढं होणार, वर त्यांच्या आईबापाचा उद्धार करणार.

"साहेब," क्लेग म्हणाला, "तुमचा भाऊ आत आसंल तर?"

"तर आत आसंल."

"मी म्हनतो, थोडं थांबून—"

"पंधरा मिनटांत ती आगबोट त्यांच्या तोंडात जाती, क्लेग. तिच्यावर बी कुनाचं तरी भाऊच हाईत. इंजिन बारीक कर."

त्यानं फुगा दक्षिणेला घेतला, सूर्याच्या पोटाखाली, आणि नाक खाली दाबलं. आठशे फूट. सातशे. इंजिन बारीक झाल्यावर तारा वाऱ्यात शिट्टी मारायला लागल्या, आणि त्या शांततेत फिंचचं पुटपुटणं ऐकू आलं. तो म्हणत होता की मला पोहता येत नाही. पाणबुडीवरचा पिवळ्या डगल्यातला माणूस अजून हात करत होता, पण आता कपाळावर हात धरून, सूर्याकडे डोळे बारीक करून. सहाशे फूट. आता चकाकीखालचं बूड दिसलं. लांब, करडं, सुरीसारखं. मधल्या उंचवट्याला कापड गुंडाळलेलं, त्यात रोवलेल्या दोन डोलकाठ्या, आणि पुढचीला कुत्र्याच्या गळ्यात बांधलेल्या डब्यासारखं लोंबणारं 'रूथ'चं शीड.

डगलेवाल्यानं डगला फेकला. चौघं-पाचजण कुठूनतरी उगवले, कापड बाजूला झालं, तोफेचं तोंड वर वळलं.

"मार, फिंच!"

फिंचची बंदूक कडकडली. तोफेचा धूर दिसला आणि आवाज यायच्या आधी पाळणा हादरला. डोक्यावर कापड फाटल्याचा आवाज झाला. तिघांनी एकाच वेळी वर बघितलं. आग लागली नाही. छर्रे फुग्यातून आरपार गेले होते, वायू सुसू करत बाहेर येत होता, पण आग लागली नाही.

इनोकनं बॉम्बची पहिली दोरी ओढली. बॉम्ब सुटला तसा फुगा हलका होऊन वर उसळला, नेम चुकला, पाण्याचा खांब पाणबुडीच्या मागं तीस हातांवर उठला. त्यानं चाक छातीनं दाबून नाक पुन्हा खाली आणलं. पाणबुडीवर धावपळ उडाली होती. तोफ सोडून माणसं भोकात उड्या घेत होती. झाकण बंद झालं. करडं बूड पाण्याखाली जायला लागलं, तोफ गेली, उंचवटा गेला. शीड उतरवायला त्यांना आताही वेळ झाला नव्हता. पुढची उंच डोलकाठी तेवढी पाण्यावर राहिली, बुडणाऱ्या माणसाच्या हातासारखी, आणि तिच्यावर ओलं तपकिरी कापड.

पाणी आता सगळीकडं सारखंच चमकत होतं. पाणबुडी नेमकी कुठं आहे हे सांगणारी एकच खूण उरली होती. चपट्या माशाच्या आकाराची.

इनोकनं नेम तिच्यावर धरला. एखादं नाव उच्चारायला लागतो तेवढाच वेळ त्याचा हात दोरीवर थांबला. मग त्यानं ओढली.

पाणी फुगलं, पांढरं झालं, फुटलं. मग काळं झालं. तेल वर आलं आणि पसरत गेलं, त्यातून बुडबुडे, मोठाले, डेगीतल्या उकळीसारखे. ते बराच वेळ येत राहिले. सगळ्यात शेवटी शीड वर आलं आणि तेलावर अंथरुणासारखं पसरलं.

क्लेगनं टोपी काढून ओरडायला तोंड उघडलं, इनोकची मान बघितली आणि टोपी परत घातली.

आगबोट जवळून गेली, भोंगा वाजवून. तिच्यावरची माणसं कठड्याला येऊन टोप्या हलवत होती. इनोक होडकं शोधत होता. एक तास तो त्या पाण्यावर चकरा मारत राहिला. फुगा गळत होता, जड होत होता. क्लेगनं न विचारता वजनासाठी ठेवलेलं पाणी सोडलं, हत्यारांची पेटी टाकली, जेवणाचा डबा टाकला. फिंचनं टोपलीतलं कबुतर चिठ्ठी बांधून सोडलं आणि मग टोपलीही टाकली.

"आता न्हाई गेलो तर आपनच होडकं शोधाय लागंल, साहेब," क्लेग म्हणाला.

"आणि मला पोहता—" फिंच म्हणाला.

इनोकनं तोंड घराकडं वळवलं. होडकं दिसलं नव्हतं. समुद्र मोठा असतो, होडकं तांदळाच्या दाण्याएवढं. त्यानं काही शाबीत होत नव्हतं.

चार वाजता चाळीस माणसांनी दोर झेलून त्यांना खाली ओढलं. तळाचा अधिकारी स्वतः धावत आला, इनोकचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिला. इनोकनं कागदावर सही केली आणि सायकल काढली.

केझिया दारात उभी होती, देवळाची काळी टोपी डोक्यात. ती देवळात गेली नव्हती हे तिच्या बुटांवरून कळत होतं, त्यांना धूळ नव्हती.

"झॅकी गेला," ती म्हणाली. "रात्री बाराला, दोघा म्हाताऱ्यांना घिऊन. आजून न्हाई आला. तू वरनं बगितलास का?"

"शीड बगितलं."

"ठिगळ दिसलं?"

"दिसलं, आये."

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. ती कोळ्याची बायको आणि कोळ्याची आई, तिला तोंडं वाचता येत होती. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाणबुडी, शीड, तीन उत्तरं. आणि चौथी गोष्टही सांगितली, नेम कशावर धरला ती. ती त्यानं न सांगता चाललं असतं, पण सांगितली.

केझिया आत गेली. तिनं ताटलीत एक बटाटा वाढला, उकडलेला, मीठ लावून. तो शेवटचाच होता. त्याच्यापुढे ठेवला आणि पाठ करून बसली. त्यानं खाल्ला, कारण न खाणं हे बोलण्यासारखं झालं असतं.

सोमवारी दुपारी धक्क्यावर ओरडा झाला. होडकं येत होतं. त्यात दोन म्हातारे पालथे पडलेले आणि मध्ये एकजण बसून वल्हं मारत होता, ओढ, थांब, ओढ, थांब, जणू कुणी त्याला चावी देऊन विसरलं होतं. तीस तास झाले होते. त्याला बाहेर काढला तेव्हा बोटं वल्ह्यावरून सुटेनात, एकेक उकलावी लागली.

"ऐतवारी भाईर पडल्यावर दुसरं काय व्हनार," देवळाचा पुढारी गर्दीतून म्हणाला.

"आज सोमवार हाय," झॅकी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आज तुला शिव्या देता येत्यात. जरा पानी पिऊ दे."

चुलीपाशी त्याचे हात हंसाच्या चरबीनं माखून फडक्यात बांधले. गाव दारात गोळा झालं. झॅकीनं सांगितलं: उजाडायच्या आधी पाणबुडी दहा हातांवर वर आली. माणसं सभ्य होती. पाव घेतला, किटली घेतली, शिडं सोडून घेतली. मग मचव्याच्या बुडाला बॉम्ब बांधला. अधिकाऱ्यानं मोडक्या भाषेत विचारलं, तांडेल कोण?

"मग?" इनोकनं विचारलं. तो दाराशी उभा होता, आत आला नव्हता.

"मग काय. जन्मात पैल्यांदा गप बसलो. होझियानं खाली बगितलं, मी खाली बगितलं. त्यानं आमच्याकडं बगून कायतरी म्हटलं आन् समदी हसली. तिघं बी म्हातारंच वाटलो आसंल." झॅकी थांबला. "बॉम्ब तू टाकलास म्हनं."

"व्हय."

"ठिगळ दिसत व्हतं?"

"त्याच्यावरच नेम धरला."

केझिया चुलीत फुंकत होती, ती थांबली.

"मी आत न्हाई हे तुला ठावं व्हतं?"

"न्हाई," इनोक म्हणाला.

झॅकीनं फडक्यात बांधलेल्या हातांकडं बघितलं. मग विचारलं, "शीड न उतरवता वळली व्हती ती पानबुडी?"

"व्हय."

"मग," झॅकी म्हणाला, "दुसरं काय करनार व्हतास." आणि त्यानं तोंड चुलीकडं फिरवलं.

लढाई सहा महिन्यांनी संपली. इनोकला एक पदक आलं, आईनं ते चहाच्या डब्यात टाकलं. त्याला मोठ्या जहाजावर जागा मिळत होती. तो गेला नाही. भरपाईच्या पैशातून आलेल्या नव्या मचव्यावर झॅकीच्या हाताखाली खलाशी म्हणून राहिला. बोटं आखडल्यामुळं झॅकीला दोर धरता येत नव्हता, आणि धरायला दुसरं कुणी त्यानं मागितलं नाही. दोघं बावीस वर्षं एका मचव्यावर होते. त्या रविवारचं पुन्हा कुणी काढलं नाही.

एकदाच एका थंडीत शीड फाटलं तेव्हा केझियानं पेटीच्या तळातून चंदेरी कापडाचा उरलेला तुकडा काढून मांडीवर पसरला. झॅकी उठला, तो तुकडा तिच्या मांडीवरून आखडल्या बोटांनी उचलला आणि चुलीत घातला. रबराचा वास घरात तीन दिवस राहिला. आईनं शिडाला तपकिरी ठिगळ लावलं.

मचवा वळवायची वेळ आली की सुकाणूवरून झॅकी दर वेळेला ओरडायचा, "शीड!" पन्नाशीला टेकलेल्या खलाशाला हे सांगायची काही गरज नव्हती. इनोकचा हात त्याआधीच दोरावर असायचा.